वयाची अट नेमकी कोठे?

वय उलटले, आता परदेशी विद्यापीठ कुठले, असे आमचे अनेक माजी विद्यार्थी म्हणतात. वस्तुतः ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे कमाल वयोमर्यादा नाही. पदवीसाठी वयाच्या २१ व्या वर्षी वा त्यानंतर येणारा तेथे ‘प्रौढ विद्यार्थी’ गणला जातो. ऑक्सफर्डचे हॅरिस मँचेस्टर महाविद्यालय अशांसाठीच आहे. मात्र अनुभवासोबत अलीकडच्या अभ्यासाचा पुरावाही लागतो.

१९२० साली, २९ व्या वर्षी, बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास लंडनला परतले. पगारातील बचतीला शाहू महाराजांचे साहाय्य लाभले. आज महाराजांच्या नावे असलेल्या शासकीय परदेश शिष्यवृत्तीस मात्र पदव्युत्तर शिक्षणासाठी ३५ व पीएच.डी.साठी ४० वर्षांची मर्यादा आहे. म्हणून आम्ही सांगतो : विद्यापीठ निवडण्याआधी शिष्यवृत्तीसाठी हाती उरलेली वर्षे मोजावीत.