विश्लेषण : अमेरिकी कॉलेजची ‘वेटलिस्ट’ आली, आता पुढे काय?

अमेरिकेतील पदवी प्रवेशांचे बहुतेक निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात. होकार आणि नकार यांच्याबरोबरच ‘तुमचे नाव प्रतीक्षा यादीत आहे’ असे तिसरे उत्तरही अनेकांना येते. त्यावर काय करायचे आणि जागा मिळालीच तर ‘हो’ म्हणण्यापूर्वी काय तपासायचे, याविषयी…

यादीत क्रमांक कितवा?

प्रवेश दिलेले सगळेच विद्यार्थी येत नाहीत, हे कॉलेजांना ठाऊक असते. किती येतील याचा अंदाज चुकला, तर उरलेल्या जागा या यादीतून भरतात. राज्यातील ‘कॅप’ फेऱ्यांची सवय असलेले पालक लगेच क्रमांक विचारतात. मात्र बहुतेक अमेरिकी कॉलेजांत या यादीला क्रमच नसतो. ज्या शाखेत विद्यार्थी कमी पडले, तिथले अर्ज पुन्हा पाहिले जातात. त्यामुळे एखाद्या वर्षी बऱ्याच जणांना बोलावणे येते, तर एखाद्या वर्षी कोणालाच नाही. मागील वर्षांचे आकडे अनेक विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ या नावाने संकेतस्थळावर देतात. आशा किती ठेवायची, हे त्यावरून कळते.

लगेच काय करावे?

यादीत राहायचे असल्यास तसे पोर्टलवर मुदतीत कळवावे लागते. गप्प राहणे म्हणजे बहुतेक ठिकाणी नाव गळणे. सोबत एक पानाचे पत्र पाठवता येते. अर्जानंतर काय नवे घडले आणि हेच कॉलेज का हवे, एवढेच त्यात लिहावे. बारावीचा निकाल मे महिन्यात आला, तर तोही कळवावा. ‘जागा दिल्यास नक्की येईन’ हे वाक्य खरे असेल तरच आणि एकाच कॉलेजला लिहावे. आणखी काही पाठवू नका, असे कॉलेजने सांगितले असेल, तर ते ऐकावे.

१ मे का महत्त्वाचा?

प्रवेश मिळालेल्या कॉलेजात जागा पक्की करण्याची ही नेहमीची मुदत. वेटलिस्टच्या भरवशावर ती चुकवू नये. एका कॉलेजात अनामत भरून दुसऱ्याच्या प्रतीक्षा यादीत राहणे नियमाला धरून आहे. दोन कॉलेजांत अनामत भरणे मात्र गैर मानले जाते आणि त्यातून दोन्ही प्रवेश गमावण्याचा धोका असतो. महाराष्ट्र दिनामुळे राज्यात त्या दिवशी बँका बंद असतात. शाखेतून डॉलर पाठवायचे असतील, तर काही दिवस आधीच पाठवावेत.

जागा मिळाली, तर?

उत्तरासाठी अनेकदा दोन-चार दिवसच मिळतात, कधी त्याहून कमी. पहिला प्रश्न पैशांचा. हार्वर्ड, एमआयटी यांसारखी मोजकी विद्यापीठे सोडली, तर परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याला लागणाऱ्या आर्थिक मदतीचा विचार होतो. वेटलिस्टपर्यंत मदतीचा निधी बहुधा संपत आलेला असतो. त्यामुळे मदतीचा आकडा लेखी मिळाल्याशिवाय होकार देऊ नये. आधीच्या कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर चार वर्षांच्या एकूण खर्चाची तुलना करावी. वेळ कमी वाटल्यास मुदतवाढ मागण्यात गैर काही नाही.

व्हिसाचे काय?

कॉलेज बदलले की नवा ‘आय-२०’ घ्यावा लागतो. ३५० डॉलरची ‘सेव्हिस’ फी आधी भरली असेल, तर ती नव्या आय-२०वर वळवता येते. व्हिसाची मुलाखत झाली नसेल, तर अर्जातील कॉलेजचे नाव बदलावे. व्हिसा हाती आला असेल, तर पुढची पायरी वकिलातीला आणि नव्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारूनच उचलावी. शैक्षणिक कर्ज मंजूर झाले असल्यास बँकेलाही नवे प्रवेशपत्र द्यावे लागते.

आधीच्या कॉलेजला काय कळवायचे?

नव्या कॉलेजची जागा आणि मदत लेखी पक्की झाल्यानंतरच आधीचा प्रवेश लगेच रद्द करावा. तिथली अनामत सहसा परत मिळत नाही. तेवढे नुकसान धरूनच हिशेब करावा. वसतिगृहाची जागाही नव्याने मागावी लागते. हा सगळा हिशेब फोन येण्याची वाट न पाहता एप्रिलमध्येच घरात बसून मांडलेला बरा. किती खर्च परवडेल हे तेव्हाच ठरलेले असले, की जूनमध्ये दोन दिवसांत उत्तर देणे अवघड जात नाही.