पर्जन्यवाहिन्यांतील चुकीच्या जोडण्यांचा तापमानावरून शोध

विभक्त जलनिःसारण पद्धतीत रस्त्याखालून दोन स्वतंत्र वाहिन्या टाकण्यात येतात. एकीतून घराघरांतील मैला व सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. दुसरीतून पावसाचे पाणी कोणतीही प्रक्रिया न करता नजीकच्या नदीत, ओढ्यात अथवा कालव्यात सोडले जाते. ही पद्धती तत्त्वतः निर्दोष होय. तिचे यश मात्र प्रत्येक घराची मोरी योग्य त्याच वाहिनीस जोडलेली आहे की नाही, यावर अवलंबून असते. प्लंबरची चूक झाली, किंवा खर्च वाचविण्यासाठी जवळच्या वाहिनीस जोड दिला, की संडासातील मैला सरळ नदीत जाऊ लागतो. जोड जमिनीखाली असल्याने वरून काहीच कळत नाही. घरमालकासही बहुधा त्याची कल्पना नसते.

अशा जोडण्या शोधण्याचे जुने उपाय म्हणजे वाहिनीत धूर सोडणे, घरोघरी रंगीत पाणी ओतून ते कोठे निघते हे पाहणे, किंवा वाहिनीत कॅमेरा फिरविणे. यांपैकी रंगाची परीक्षा खात्रीची खरी, पण तीसाठी प्रत्येक घरात प्रवेश मिळवावा लागतो. कॅमेऱ्यास जोड दिसतो. त्यातून काय वाहते हे, त्या क्षणी पाणी आले नाही तर, दिसत नाही.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी यावर वेगळा मार्ग काढला. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. न्हाणीघर, स्वयंपाकघर व कपडे धुण्याचे यंत्र यांतून येणारे पाणी कोमट असते, तर कोरड्या दिवशी पर्जन्यवाहिनी जमिनीइतकीच थंड असते. तेव्हा वाहिनीच्या संपूर्ण लांबीत तापमान मोजत राहिल्यास ऊन पाणी शिरण्याची जागा आपोआप उघड व्हावी, असा त्यामागील विचार होता. त्यासाठी शेकडो तापमापक लावण्याची गरज नाही. वाहिनीच्या तळाशी काचतंतूची एकच केबल टाकली की पुरते.

केबलच्या एका टोकाने लेसर प्रकाशाचे अत्यल्प काळाचे स्पंद सोडले जातात. काचेतून जाताना या प्रकाशाचा थोडासा अंश विखुरतो व मागे परततो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामानुसार त्यातील काही प्रकाशाची तरंगलांबी मूळ प्रकाशाहून अधिक, तर काहीची कमी झालेली असते. कमी तरंगलांबीच्या प्रकाशाची तीव्रता तापमानाबरोबर लक्षणीय वाढते. दुसऱ्याची फारशी बदलत नाही. दोहोंच्या गुणोत्तरावरून तापमान मिळते. प्रकाश परत येण्यास किती वेळ लागला, त्यावरून ते तापमान कोणत्या जागेचे, हे ठरते. एक किलोमीटर अंतर जाऊन येण्यास काचेत सेकंदाचा सुमारे एक लक्षांश भाग लागतो.

डेल्फ्टच्या प्रयोगात दोन पर्जन्यवाहिन्यांत १३०० मीटर केबल टाकण्यात आली. दर २ मीटरचे तापमान दर ३० सेकंदांनी नोंदविण्यात आले. काही ठिकाणी पाऊस नसतानाही तापमान मधूनच बदलून पुन्हा पूर्ववत होत असल्याचे आढळले. तेथे तपासणी केली असता प्रत्येक ठिकाणी घरांचे वा कारखान्यांचे सांडपाणीच वाहिनीत येत असल्याचे निष्पन्न झाले. यासाठी कोणाच्याही खासगी आवारात शिरावे लागले नाही, हा लाभ लहान नव्हे. नोटीस बजावण्यापूर्वी हाती निश्चित जागा असली की वाद पुष्कळसे टळतात.

पद्धतीस मर्यादाही आहेत. बंद असलेल्या घराची जोडणी सापडणार नाही. म्हणून नोंद अनेक दिवस घ्यावी लागते. केवळ संडासाच्या टाकीतील पाणी वाहिनीच्या तापमानाचे असेल, तर खूण अंधुक उमटते. केबल गाळात रुतल्यास अशीच अडचण येते.

महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात सांडपाणी व जमीन यांच्या तापमानातील फरक बराच कमी राहणार, हे उघड आहे. हिवाळ्यातील सकाळी, घरोघरी स्नानाचे ऊन पाणी मोरीत जात असता, तो सर्वांत स्पष्ट दिसेल. मुंबईतील ज्या नाल्यांतून उन्हाळ्यातही सांडपाणी अखंड वाहते, तेथे हा उपाय फारसा उपयोगी नाही; तेथे दोष शोधावयाचा नसून डोळ्यांसमोरच असतो. नव्याने टाकलेल्या बंदिस्त वाहिन्यांत मात्र, रस्ता पक्का करण्यापूर्वी, अशी तपासणी करून घेणे सोयीचे ठरेल. जोड दुरुस्त झाल्यावर तीच केबल आणखी काही दिवस ठेवल्यास, ऊन पाणी येणे खरोखर थांबले की नाही, हेही नोंदीवरून पाहता येते.