पर्यावरणाच्या बातमीवर विश्वास किती ठेवावा?

हिमालयातील हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असे भाकीत संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २००७च्या अहवालात होते. मात्र, त्याचा उगम शोधनिबंधात नव्हता. 'न्यू सायंटिस्ट' या साप्ताहिकाने १९९९मध्ये एका भारतीय शास्त्रज्ञाच्या हवाल्याने दिलेले वृत्त 'वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर'च्या २००५च्या अहवालात उतरले आणि तेथून समितीकडे पोहोचले. जानेवारी २०१०मध्ये समितीने चूक मान्य केली. मूळ वृत्त देणारे पत्रकार फ्रेड पिअर्स यांनीच त्या सुमारास या दाव्याचा उगम वाचकांपुढे उघड केला.

पर्यावरण वार्ताहराला पारखण्याच्या कसोट्या या प्रकरणातून मिळतात. तो मूळ संशोधनापर्यंत जातो, की दुसऱ्याच्या उल्लेखावर विसंबतो? एका शास्त्रज्ञाचा अंदाज आणि अनेकांनी तपासलेला निष्कर्ष यांत तो फरक करतो का? चूक उघड झाल्यावर ती ठळकपणे दुरुस्त करतो का?

पूर्वग्रह दोन्ही दिशांनी येतो. ही चूक उघड होताच काहींनी हवामान बदल हेच थोतांड ठरवले. वास्तविक २०३५ हे वर्ष चुकीचे होते. हिमनद्यांचे वितळणे नव्हे. दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की तटस्थता साधते, हाही भ्रमच. अमेरिकी वृत्तपत्रांच्या अशा 'समतोला'मुळे शास्त्रज्ञांमधील सहमती झाकली गेली, असे मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी २००४मध्ये दाखवून दिले. म्हणूनच बातमी कोणाच्या बाजूची आहे, यापेक्षा ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हे वाचकाने आधी पाहावे.