लातूरच्या वकिलानं घालवलेली गादी

निजामाची गादी भारतीय फौजेनं घालवली, असं आपण दर सतरा सप्टेंबरला झेंड्याखाली ऐकतो. माझं म्हणणं वेगळं आहे. ती लातूरच्या एका वकिलानं घालवली. मीही लातूरलाच वकिली करतो, म्हणून हे जरा हक्कानं बोलतो.

कासिम रझवी मूळचा संयुक्त प्रांतातला, अलीगढला शिकलेला. वकिली थाटली ती लातुरात. ज्या घराण्यासाठी तो पेटला तेही बाहेरचंच. निजामाचे पूर्वज समरकंदकडचे. पहिल्या निजामानं १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला लढाई जिंकली आणि दख्खन हाती घेतलं. सातवा निजाम मीर उस्मान अली खान मात्र हैदराबादेतच जन्मला. सव्वादोनशे वर्षांनंतरही त्याला परका म्हणायचं का, यावर आमच्या बार रूममध्ये चहा गार होईपर्यंत वाद चालतो. माझ्या मते निजामाचं मूळगाव इथल्या शेतकऱ्याला कधीच खटकलं नाही. खटकली ती उर्दूतली कचेरी, आणि परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी करणारं १९२९ चं ‘गश्ती निशाण त्रेपन्न’.

परका राजा टिकतही असतो. बर्नादोत हा फ्रेंच सेनानी १८१८ मध्ये स्वीडनचा राजा झाला, त्याचं घराणं आजही तिथं गादीवर आहे. पण तो नेपोलियनविरुद्ध स्वीडनच्या बाजूनं लढला होता. निजामाला तर लढायचंही नव्हतं, नुसती सही करायची होती.

ती संधी जून १९४८ ची. माउंटबॅटन जायच्या बेतात होते आणि त्यांना हे प्रकरण मिटवून जायचं होतं. मसुदा निजामाला भलताच सोयीचा होता. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांत भारताच्या धर्तीवर कायदे, पण ते हैदराबादनंच करायचे. फौज वीस हजारांपर्यंत. रझवीची रझाकार संघटना टप्प्याटप्प्यानं मोडायची, जबाबदार सरकार आणायचं, विलीनीकरणावर सार्वमत घ्यायचं. पटेल तेव्हा देहरादूनला आजारातून उठत होते. त्यांनी नाखुशीनंच मान्यता दिली. निजामानं मात्र नवे मुद्दे काढून नकार कळवला.

का? कारण ऑक्टोबर १९४७ मध्ये तो समझोत्याला तयार झाला होता, तेव्हा रझवीच्या जमावानं त्याच्याच वाटाघाटीवाल्यांची घरं पहाटे घेरली. पंतप्रधान छतारीचे नवाब बाजूला झाले, लायक अली आले. पुढं भारताशी जैसे थे करार झाला, पण सूत्रं लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायची भाषा करणाऱ्या रझवीकडं गेली.

आता सही झाली असती असं धरून चला. सार्वमताचा कौल भारताकडंच गेला असता, प्रजेत हिंदू पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास होते. पण गादी राहिली असती. हैदराबादला आधीपासून स्वतःचं चलन होतं; सात हाली म्हणजे सहा कलदार. जकातीची करोडगिरीही होती. या गोष्टी आणखी काही वर्षं टिकल्या असत्या आणि लातूरच्या आडत्याला सोलापूरला माल पाठवताना नाका चुकला नसता. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तो आणखी कितीतरी उशिरा आला असता. पण आला असता, कारण मराठी माणसाची ती ओढ गादीवर कोण बसलंय यावर अवलंबून नव्हती.

आणि कागद? ते तर गादी जाऊनही सुटले नाहीत. परवा एका अशिलानं निजामकाळची नक्कल आणली. घडीवर पापडासारखी तुटणारी, सगळी उर्दू. ती वाचून घ्यायला निवृत्त उर्दू मास्तरांकडं गेलो. एका नावावरच ते अर्धा तास अडले, शेवटी भिंग लावल्यावर तो ‘नारायण’ निघाला. मराठा आरक्षणात आधार धरलेल्या हैदराबाद गॅझेटमुळं अशा कागदांना आता पुन्हा भाव आलाय. रेल्वेच्या नकाशावर तर निजामाची हद्द अजून पुरती पुसलेली नाही. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबाद. लातूरला मात्र १९११ मध्ये आली ती बार्शी लाइट रेल्वे, तिचं तोंड कुर्डुवाडीकडं. म्हणून लातूर स्टेशन आज सोलापूर विभागात.

पण या जर-तरमधली मोठी बाब नाणं किंवा रेल्वे नाही. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, ते इथं घरोघर ठाऊक आहे. भारतीय फौजेच्या पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमानांची जी कत्तल झाली, तिच्याबद्दल सतरा सप्टेंबरच्या भाषणात कोणी बोलत नाही. सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार सांगितला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. जूनमध्ये सही झाली असती तर सप्टेंबरची कारवाई झाली नसती.

रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला, सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये वारला. निजाम मात्र १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. वकील आत आणि अशील राजप्रमुख, असा निकाल आमच्या धंद्यात क्वचितच लागतो.