ओनायडांची जमीन: युद्धात गेली नाही, करारांत गेली

अमेरिकेतले मूळ रहिवासी गोऱ्यांशी लढले, हरले आणि त्यांच्या जमिनी गेल्या, असा एक ढोबळ समज आपल्या मनात पक्का बसलेला असतो. आजच्या न्यू यॉर्क राज्याच्या मध्यभागी राहणाऱ्या ओनायडांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. ओनायडा हे हौदेनोशोनी, म्हणजेच इरोक्वॉय, महासंघातल्या सहा राष्ट्रांपैकी एक. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात महासंघातले बहुतेक जण ब्रिटिशांकडे गेले. ओनायडा मात्र बहुसंख्येने वसाहतींच्या बाजूने उभे राहिले. १७७७ मध्ये ओरिस्कनीच्या लढाईत त्यांनी आपल्याच भाऊबंदांविरुद्ध शस्त्र उचलले. १७८० मध्ये ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या जोसेफ ब्रँटच्या फौजेने त्यांचे मुख्य गाव जाळले. म्हणजे जिंकलेल्या पक्षासाठी त्यांनी घरदार गमावले होते. १७८४ च्या फोर्ट स्टॅनविक्स तहात त्यांचा जमिनीवरचा ताबा सुरक्षित राहील, असे अमेरिकेने लिहूनही दिले.

‘पण पुढे त्यांनीच तर जमीन विकली ना?’ हा दुसरा समज जास्त घातक आहे, कारण सह्या केलेले कागद खरोखरच अस्तित्वात आहेत. प्रश्न ते कागद कसे झाले हा आहे. ओनायडांचा मूळ प्रदेश सुमारे ६० लाख एकरांचा. गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन यांच्या काळात न्यू यॉर्क राज्याने १७८५ आणि १७८८ मध्ये करार केले, आणि ओनायडांकडे उरली जेमतेम तीन लाख एकर. आपण जमीन भाडेपट्ट्याने देत आहोत, असे १७८८ मध्ये ओनायडांना वाटत होते, असे अनेक अभ्यासक मांडतात. १७९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच केला: केंद्राच्या संमतीशिवाय मूळ रहिवाशांची जमीन कोणालाही, अगदी राज्यांनाही, विकत घेता येणार नाही. १७९४ च्या कॅनन्डेग्वा तहाने ओनायडांचा हक्क पुन्हा मान्य केला.

त्यानंतर एका वर्षाच्या आत, १७९५ मध्ये, राज्याने आणखी सुमारे एक लाख एकर घेतली. केंद्राचे युद्धमंत्री टिमथी पिकरिंग यांनी आधी क्लिंटन यांना आणि मग नवे गव्हर्नर जॉन जे यांना बजावले होते की केंद्राचे आयुक्त हजर असल्याशिवाय असा व्यवहार करता येत नाही. राज्याने ऐकले नाही. कायदा माहीत असून, इशारा मिळूनही केलेल्या अशा खरेदीला ‘विक्री’ म्हणणे मला पटत नाही. पुढे १८४६ पर्यंत असे डझनावारी करार झाले. १९२० मध्ये केंद्रीय न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला, तेव्हा वादातली जमीन होती ३२ एकर. एवढाच तुकडा उरला होता.

जमिनीबरोबर लोक संपले, हेही खरे नाही. १८२० च्या दशकापासून अनेक ओनायडा विस्कॉन्सिनला गेले, काहींनी १८४० च्या सुमारास कॅनडात थेम्स नदीकाठी स्वतः जमीन विकत घेतली, थोडे मूळ प्रदेशातच राहिले. आजही तिन्ही ठिकाणी त्यांचे समाज आहेत. विस्कॉन्सिनमधली सामाईक जमीनही १८८७ च्या डॉज कायद्याने कुटुंबांत वाटली गेली आणि कर व कर्जापायी बरीचशी हातची गेली.

शेवटचा समज म्हणजे न्यायालयाने अखेर न्याय दिला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ओनायडांना १७९५ च्या व्यवहारासाठी दाद मागण्याचा हक्क आहे, असे मान्य केले, हे खरे. पण २००५ मध्ये, शेरिल शहराने मालमत्ता कर मागितला त्या खटल्यात, याच न्यायालयाने वेगळाच सूर लावला. ओनायडांनी पूर्वजांची काही जमीन बाजारभावाने पुन्हा विकत घेतली होती. तरी इतक्या काळानंतर तिच्यावरची स्वसत्ता परत मिळणार नाही, असा निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. उशीर केल्याचा हा ठपका फार कठोर आहे. १९७४ पर्यंत अशा दाव्यांना केंद्रीय न्यायालयांची दारेच जवळजवळ बंद होती. राज्याने घेतलेल्या जमिनीसाठी ओनायडांनी लावलेला मोठा दावाही पुढे २०१० मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला.

२०१३ मध्ये न्यू यॉर्कचे ओनायडा, राज्य आणि दोन काउंटी यांच्यात समझोता झाला. केंद्राच्या विश्वस्ततेखाली त्यांच्यासाठी ठेवता येईल अशा जमिनीला सुमारे २५ हजार एकरांची मर्यादा घातली गेली. विस्कॉन्सिन आणि थेम्सकाठचे ओनायडा त्या मोठ्या दाव्यात सोबत होते. समझोत्यात ते नव्हते.