गव्हाणीतले तेल

अमेरिकेच्या टेक्सस संस्थानाचा उत्तरेकडील जो उंच, सपाट आणि जवळजवळ वृक्षहीन प्रदेश ‘पॅनहँडल’ या नावाने ओळखला जातो, त्यातील हेरफर्ड आणि अमरिलो या गावांच्या आसपास मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या जनावरांची अवाढव्य आवारे आहेत. यांनाच फीडलॉट म्हणतात. कुरणावर वाढलेले, सुमारे 300 ते 350 किलो वजनाचे खच्ची केलेले गोऱ्हे आणि कालवडी येथे आणायच्या, चार ते सहा महिने त्यांना धान्यावर पोसायचे, आणि वजन 600 किलोंच्या घरात गेले की त्यांची रवानगी कत्तलखान्याकडे करायची, हा या धंद्याचा शिरस्ता. एकेका आवारात 50,000 जनावरे असणे तिकडे अपूर्वाईचे मानले जात नाही. गोमांसाविषयी आपल्या वाचकांच्या भावना भिन्न असतील, आणि त्यांचा आदर ठेवूनच हे लिहीत आहे. परंतु ज्या प्राण्याच्या पोटाशी आपल्या शेतकऱ्याचा हजारो वर्षांचा संबंध आहे, त्या पोटात ओंजळभर तेल पडले असता काय घडते, हा प्रश्न मांस खाणाऱ्याइतकाच दूध पिणाऱ्याच्याही जिज्ञासेचा आहे.

पहाटेच या आवारांतील खाद्यगिरणीची धुरांडी वाफ ओकू लागतात. मका वाफेच्या उंच टाकीत अर्ध्या तासाहून अधिक काळ मुरवून, मग जड रुळांमधून दाबून काढला, की त्याचे मोठमोठे, पिवळेधमक पोहे तयार होतात. ते गरम असतानाच त्यांत कापलेले लसूणघास किंवा मक्याच्या धांड्यांचा चुरा, क्षार व जीवनसत्त्वांचे मिश्रण, थोडी मळी असा ऐवज मिसळला जातो, आणि सर्वांत शेवटी वरून तेलाची धार सोडली जाते. पोहे, वैरण आणि तेल यांचे हे मिश्रण वजनकाटा बसवलेल्या मोटारीत घुसळले जाऊन काँक्रीटच्या लांबच लांब गव्हाणीत पडते, तेव्हा त्याला एक मंद तकाकी आलेली असते आणि पिठाचा धुरळा उडत नाही. धुरळा बसावा, आणि बारीक भुकटी तळाशी राहून जनावराने केवळ पोहे वेचून खाऊ नयेत, हाही तेल घालण्यामागचा एक व्यावहारिक हेतू आहेच. हे तेल सोयाबीनचे असते, मक्याचे असते, तेल शुद्ध करताना मागे उरणाऱ्या स्निग्ध गाळाचे असते, आणि पुष्कळदा उपाहारगृहांतून तळणीसाठी वापरून झालेले, गाळून घेतलेले असते. एक जनावर दिवसाला साधारण 10 किलो कोरडे खाद्य खाते आणि त्यात शेकडा 3 या प्रमाणात तेल घातले, तर ते 300 ग्रॅम होते. 50,000 जनावरांच्या आवारात हाच हिशेब रोज 15 टनांवर जातो.

एवढा खर्च कशासाठी, याचे पहिले उत्तर सरळ आहे. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे 4 उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्नेहातून 9, म्हणजे सव्वादोन पटींनी अधिक. ज्या जनावराला दिवसाला दीड किलो वजन वाढवायला लावले आहे, त्याच्या पोटाचे आकारमान वाढवता येत नाही. तेव्हा त्याच मापात अधिक शक्ती कोंबण्याची तजवीज म्हणजे तेल. दुसरे उत्तर याहून सूक्ष्म आहे. धान्यातील पिष्ट पोटात झपाट्याने आंबते, आंबताना आम्ले निर्माण होतात, आणि ती प्रमाणाबाहेर गेली की जनावर खाणे टाकते, लंगडू लागते, प्रसंगी दगावते. तेल आंबतच नाही. म्हणून थोड्या धान्याच्या जागी तेल घातले, तर शक्ती तीच राहून आम्लाचा भार हलका होतो. तिसरे कारण उष्ण प्रदेशांतले. अन्न पचवताना शरीरात जी उष्णता निर्माण होते, ती स्नेहाच्या बाबतीत वैरणीच्या मानाने बरीच कमी असते, आणि कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीसारख्या वाळवंटी खोऱ्यात, जेथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे सहज चढतो, तेथे ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही. याच खोऱ्यातील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात रिचर्ड झिन यांनी अनेक वर्षे चिकाटीने मोजमापे घेऊन एक कटू सत्य उजेडात आणले: तेलाचे प्रमाण जसजसे वाढवावे, तसतशी आतड्यात त्याची पचनीयता घटत जाते.

या घटीइतकीच महत्त्वाची दुसरी मर्यादा आतड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, कोठीपोटात, उभी राहते. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे हे पहिले पोट म्हणजे शंभर-दीडशे लिटरांचे, 39 अंशांवर सदैव उबदार राहणारे, प्राणवायूरहित असे पात्र असून त्यातील द्रवाच्या एका थेंबात कोट्यवधी जिवाणू, त्यांच्या जोडीला एकपेशीय आदिजीव आणि बुरश्या नांदत असतात. गवतातील जे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते या सूक्ष्म प्रजेला पचतात. ती त्यांचे विघटन करून जी लघू आम्ले बाहेर टाकते, त्यांवरच गायीच्या शक्तीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग चालतो. गाय गवत खाते असे आपण म्हणतो खरे, पण वस्तुतः गवत ही प्रजा खाते आणि गाय त्या प्रजेच्या कमाईवर जगते. आता गवतात स्नेहांश जेमतेम शेकडा 2 ते 3; लक्षावधी वर्षे या प्रजेला तेलाची सवयच नाही. अशा पोटात मोकळे तेल ओतले, की जिवाणू प्रथम त्याचे तुकडे करून मेदाम्ले सुटी करतात, आणि ही सुटी असंतृप्त मेदाम्ले त्या जिवाणूंच्याच आवरणांना चिकटून त्यांना मारक ठरू लागतात. तंतू पचवणारे जिवाणू आणि आदिजीव यांना त्यांचा विशेष उपद्रव होतो. शिवाय तेलाचा थर वैरणीच्या कणांवर बसला, की जिवाणूंना तेथे पाय रोवणे कठीण जाते. म्हणूनच खुराकातील एकूण स्नेह, म्हणजे धान्यातला मूळचा आणि वरून घातलेला मिळून, शेकडा 6 ते 7 यांपलीकडे जाऊ देऊ नये, अशी ताकीद आहारतज्ज्ञ देतात. मक्यातच मुळी शेकडा 4 च्या आसपास तेल असते, हे ध्यानात घेतले म्हणजे वरून घालायला किती थोडी जागा उरते, हे उघड होईल.

कोवळा हिरवा घास अधाशीपणे खाऊन जनावराच्या पोटात फेसाळ वायू कोंडला आणि डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली, म्हणजे आपल्याकडे जाणता शेतकरी नळ्याने गोडे तेल पाजतो, हे अनेकांनी पाहिले असेल. तेल फेसाच्या बुडबुड्यांची कातडी फोडते, कोंडलेला वायू मोकळा होतो आणि ढेकर येऊन जनावर वाचते. हा उपाय शास्त्रशुद्ध आहे; पण तो एका वेळचा उपाय आहे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तेच तेल देणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे.

कोठीपोटातील प्रजा या विषारी पाहुण्याचा बंदोबस्त आपल्या परीने करते. असंतृप्त मेदाम्लांच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात, त्यांवर हायड्रोजन चढवून ती त्यांना संतृप्त करून टाकते. रेमंड रायझर यांनी 1951 साली ही क्रिया दाखवून दिली आणि एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला. भुईमुगावर वाढवलेल्या डुकराची चरबी मऊ व तेलकट होते, म्हणजे खाल्ले तसे अंगी लागते. मग सूर्यफुलाचे तेल खाल्लेल्या बैलाची चरबी मात्र घट्टच का राहते? सूर्यफुलातील लिनोलेइक आम्ल गोठते ते शून्याखाली 5 अंशांवर. कोठीपोटातून बाहेर पडेपर्यंत त्याचा बहुतांश स्टिअरिक आम्लात रूपांतरित झालेला असतो, आणि ते वितळायला सुमारे 69 अंशांची उष्णता लागते. वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेलच्या साहाय्याने आणि दाबाखाली जे केले जाते, ते गायीच्या पोटात बिनबोभाट, अष्टौप्रहर चाललेले असते.

‘वनस्पती तेल चारलेले जनावर, सबब हृदयाला हितकर मांस’ अशा आशयाची जी विधाने विक्रेत्यांच्या पत्रकांतून दिसतात, ती मला अर्धसत्याहून अधिक वाटत नाहीत, ती याच कारणाने. गव्हाणीत काय घातले यावरून ताटात काय आले हे ठरत नाही. मध्ये कोठीपोट आहे. मात्र अर्धसत्य म्हणताना त्यातले सत्यही मान्य केले पाहिजे. ही संतृप्तीकरणाची क्रिया पायरीपायरीने होते, आणि काही रेणू अर्ध्या वाटेवरूनच निसटून आतड्यात व तेथून मांसात जातात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मायकेल परीझा हे भाजलेल्या गोमांसात कर्कजनक द्रव्ये कोणती याचा शोध घेत असता, त्यांना त्याच मांसात उंदरांच्या त्वचेवरील अर्बुदांना अटकाव करणारे द्रव्य सापडले, आणि 1987 साली ते ‘संयुग्मित लिनोलेइक आम्ल’ म्हणून ओळखले गेले. लिनोलेइक आम्लाच्या रूपांतराच्या वाटेवरचाच हा एक मुक्काम. तेलामुळे त्याचे प्रमाण वाढू शकते, हे खरे. परंतु येथेही फीडलॉटचा खुराक आडवा येतो. गवताळ आहारात ही वाटचाल ज्या मार्गाने होते, त्यातून निसटलेला आणखी एक रेणू शरीरात जाऊन पुन्हा याच हितकर आम्लात बदलू शकतो. पण धान्याचा मारा झाला, पोट आम्लधर्मी झाले, की प्रजेतले प्राबल्य पालटते आणि वाटचाल वेगळ्याच मार्गाला लागून जे रेणू निर्माण होतात, त्यांना हा गुण नसतो. तेच तेल, तेच जनावर. परंतु वैरण किती आणि धान्य किती यावर फलित अवलंबून. उंदरावरील निष्कर्ष माणसाला तसेच्या तसे लागू करणे तर आणखीच धाडसाचे.

कोठीपोटाला चकवून तेल पुढे पोहोचवता येईल काय, हा विचार शास्त्रज्ञांना सुचणे स्वाभाविक होते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या सुमारास तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर दुधातील केसीन या प्रथिनाचे कवच चढवले आणि ते फॉर्मॅल्डिहाइडने घट्ट केले. कोठीपोटात हे कवच टिकते आणि चौथ्या पोटातील तीव्र आम्लात विरघळून तेल मोकळे होते. या युक्तीने रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे दूध व मांस खरोखरच असंतृप्त स्नेहाने समृद्ध झाले, पण त्यासोबत चरबी मऊ पडू लागली आणि हवेतील प्राणवायूने ती लवकर खवट होऊ लागली, त्यामुळे जनावरांना ई जीवनसत्त्व अधिक प्रमाणात चारणे ओघानेच आले. पुढे ओहायोमध्ये पामक्विस्ट आणि जेन्किन्स यांनी मेदाम्लांना चुन्यातील कॅल्शियमशी बांधून एक प्रकारचा अविद्राव्य साबणच तयार करण्याचा सुलभ मार्ग दाखवला. दुभत्या जनावरांसाठी ‘बायपास फॅट’ म्हणून जे पांढरट दाणेदार द्रव्य आज आपल्याकडील दूधउत्पादकांच्या परिचयाचे आहे, त्याचा एक प्रमुख प्रकार याच कुळीतला.

निसर्गानेही अशी एक कुपी बनवलेली आहे. सरकीत शेकडा 18 ते 20 तेल असते, पण ते कठीण टरफलाच्या आत. जनावर ती चावून, रवंथ करून हळूहळू फोडते, त्यामुळे तेल एकदम न सुटता रमतगमत सुटते, आणि बोंडाचे चिकटलेले तंतू वैरणीचेही काम करतात. टेक्ससच्या लबकभोवतीच्या कापूसपट्ट्यातील फीडलॉटवाले अख्खी सरकी याच हिशेबाने वापरतात, आणि वऱ्हाड-खानदेशात म्हशीपुढे भिजवलेली सरकी ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्यांचे वर्तन मुळीच परके वाटणार नाही. सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य प्रौढ जनावराच्या कोठीपोटात बरेचसे निष्प्रभ होते. कोवळ्या वासराला मात्र ती देऊ नये. मोकळ्या तेलापेक्षा हा मार्ग मला अधिक समंजस वाटतो, कारण त्यात पोटाला आपल्या गतीने काम करू दिले जाते.

अलीकडे तेलाच्या बाजूने एक नवे कारण पुढे आले आहे. कोठीपोटात सुटणारा हायड्रोजन घेऊन काही सूक्ष्मजीव मिथेन बनवतात, तो ढेकरेवाटे बाहेर पडतो, आणि पृथ्वीच्या तापमानवाढीत त्याचा हिस्सा मोठा आहे. कॅनडातील लेथब्रिजच्या शासकीय संशोधन केंद्रात मॅकगिन, बोशमँ आदी शास्त्रज्ञांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खुराकात सुमारे शेकडा 5 सूर्यफूल तेल घातल्यावर मिथेन पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक घटले. मात्र त्याच प्रयोगात तंतूंची पचनीयताही सुमारे पाचव्या हिश्श्यानेच घटली, आणि मिथेनची वार्ता सांगताना हा दुसरा आकडा गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. संतृप्तीकरणात खर्च होणारा हायड्रोजन फारच थोडा; मिथेन कमी झाले ते मुख्यतः हायड्रोजन पुरवणारे आदिजीव व तंतुपाचक जिवाणू दबले आणि आंबणारे अन्नच कमी झाले म्हणून. शिवाय फीडलॉटमधील जनावर धान्यामुळे आधीच कुरणावरील जनावरापेक्षा कमी मिथेन सोडते, आणि खाद्यासाठी पामतेल आणले तर त्यासाठी इंडोनेशियात किंवा मलेशियात जंगल तोडले गेले काय, हेही त्याच जमाखर्चात मांडावे लागते.

सरतेशेवटी फीडलॉटचा आहारतज्ज्ञ निर्णय करतो तो बाजारभाव पाहून. तेलाचा भाव मक्याच्या सव्वादोन पटींच्या फार वर गेला, की केवळ शक्तीसाठी ते परवडत नाही. आणि मक्यापासून इथेनॉल व तेलांपासून डिझेल बनवणारे कारखाने अमेरिकेत वाढल्यापासून सोयाबीनचे तेल आणि तळणीचे जुने तेल या दोहोंना नवे, श्रीमंत गिऱ्हाईक लाभले आहे. इथेनॉलच्या कारखान्यातून मिळणाऱ्या चोथ्यातही तेल असते, पण कारखानदार ते आता आधीच काढून विकतात. म्हणून चोथ्याची प्रत्येक खेप तपासून त्यातला स्नेहांश एकूण मर्यादेत धरावा लागतो. भाव उतरला की तेलाची तोटी पुन्हा उघडली जाते, परंतु एकदम पूर्ण नव्हे. कोठीपोटातील प्रजेला जुळवून घ्यायला अवधी मिळावा म्हणून प्रमाण टप्प्याटप्प्याने चढवले जाते, खुराकातील कॅल्शियम थोडे वाढवले जाते, आणि गव्हाणीत किती खाद्य उरले हे रोज पहाटे पाहून पुढच्या दिवसाचे माप ठरते.