एक पथ्यपत्रक आणि दोन प्रमेही

माझ्या चिकित्सालयात टेबलाच्या डाव्या खणात पथ्यपत्रकांचा एक गठ्ठा असे. कागदाच्या एका बाजूस ‘काय खावे’, दुसऱ्या बाजूस ‘काय खाऊ नये’. प्रमेहाचे निदान झाले, औषध लिहून झाले की तो कागद रुग्णाच्या हाती द्यावयाचा आणि पुढच्या रुग्णास आत बोलवावयाचे, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या खणात असा गठ्ठा असेल, म्हणूनच हा लेखनप्रपंच. ते पत्रक मी आता कोणासही देत नाही.

एकाच महिन्यात दोन रुग्णांना मी ते पत्रक दिले. पहिले हिंगणघाटचे कापसाचे व्यापारी. वय ५२, वजन ९१ किलो, दिवसभर गादीवर बैठक, दुपारच्या जेवणानंतर दोन तास झोप, रात्री दह्याशिवाय जेवण नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात प्रमेहाचे जे हेतू सांगितले आहेत (सुखाचे आसन, सुखाची निद्रा, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ), ते जणू या गृहस्थांकडे पाहूनच लिहिले असावेत. अन्नाचा लोभी आणि चालण्याचा तिटकारा असलेल्या माणसाकडे प्रमेह घरट्याच्या झाडाकडे येणाऱ्या पक्ष्यासारखा धाव घेतो, या निदानस्थानातील दृष्टान्ताचे तर ते मूर्तिमंत उदाहरण होते.

दुसरी रुग्णा देवळी तालुक्यातील शेतमजूर स्त्री. वय ४७, वजन ४२ किलो. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन, उरलेले दिवस दुसऱ्याच्या शेतात निंदण किंवा कापूस वेचणी. उपाशीपोटी रक्तशर्करा २१०. एका दवाखान्यातून तिला गोळ्या सुरू होत्या. तिची तक्रार पायांच्या जळजळीची होती, त्यासाठी ती माझ्याकडे आली.

व्यापारी गृहस्थांचे आधी सांगतो. त्यांनी पत्रक काटेकोर पाळले आणि तरीही शर्करा उतरली नाही. चौकशीअंती कळले की पोळी सोडून ते भाकरीवर आले होते आणि ‘ज्वारी चालते’ असे छापलेले असल्यामुळे एका बैठकीस चार भाकरी घेत होते. त्यांच्या पत्नीस पीठ तोलावयास सांगितले. एका भाकरीस ऐंशी ग्रॅम भरले. म्हणजे एका जेवणात तीनशे वीस ग्रॅम पीठ! शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदके सुमारे ६८ ग्रॅम, गव्हात ६५, पॉलिश केलेल्या तांदळात ७८. तंतूंचे प्रमाण पाहिले तर ज्वारी आणि अख्खा गहू जवळपास सारखेच, तांदूळ मात्र फार मागे. ज्वारी हे आपल्या भूमीचे उत्तम अन्न आहे, ती रूक्ष आहे, लघु आहे, हे सर्व खरे. पण चार भाकरींची ज्वारी प्रमेहास पथ्य होत नाही. धान्याचे नाव बदलून मात्रा तीच ठेवली, तर रक्तशर्करेला त्याचे फारसे सोयरसुतक नसते.

दुसरी गोष्ट गुळाची. चहात साखरेऐवजी गूळ घालून त्यांना धन्यता वाटत होती. आपल्या जिल्ह्यात हा समज विशेष खोलवर रुजलेला आहे, आणि त्यास इतिहास आहे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीतून हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार झाला. गिरणीच्या साखरेपुढे खेड्यातला गूळ उभा करणे हा ग्रामीण रोजगाराचा आणि पोषणाचा विचार होता. मधुमेहीस गूळ निर्धोक आहे असा त्याचा अर्थ नव्हता. शंभर ग्रॅम गुळात कर्बोदके सुमारे ८५ ग्रॅम असतात. आणि चरकसंहितेत गुळाचे पदार्थ प्रमेहाच्या हेतूंतच मोजलेले आहेत, हे आपण वैद्यांनी तरी विसरू नये.

गूळ बंद केला, भाकर दीड, सोबत घट्ट वरण आणि भाजी भरपूर, दिवास्वाप बंद. व्यायामासाठी सुश्रुताचार्यांनी निर्धन प्रमेहीस सांगितलेले उपाय मी त्यांना ऐकवले: अनवाणी शंभर योजने प्रवास, गाईंमागे हिंडणे, नाहीतर विहीर खणणे. विहीर ऐकून त्यांनी वणा नदीच्या पुलापर्यंत रोज सकाळी चालत जाण्याचे तत्काळ मान्य केले. सहा महिन्यांत वजन ८२ किलो झाले, एचबीए१सी ८.६ वरून ६.८ वर आले.

आता दुसरी रुग्णा. तिच्या मुलीने पत्रक वाचून दाखवले. तांदूळ नको, बटाटा नको, केळे नको, दूध-दही नको, साखर-गूळ नको. ‘शक्यतो लंघन करावे’ असे खाली ठळक अक्षरात. तिने रात्रीचे जेवण सोडले. महिन्याने उपाशीपोटी शर्करा ११८ आली आणि मला समाधान वाटले. वजन ४२ वरून ३९ झाले होते. ते मी नोंदवहीत लिहिले आणि त्याकडे पाहिले नाही. तिच्या गोळीचे नावही मी विचारले नव्हते. ती गोळी स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवावयास लावणारी होती; पोटात अन्न असो वा नसो, तिचे काम ती करतेच.

श्रावणात सोयाबीनमध्ये निंदण करताना दुपारी तिला दरदरून घाम आला, हात थरथरले, ती धुऱ्यावर कोसळली. सोबतच्या बायांना वाटले ऊन लागले. त्यांतील एका वयस्क बाईने चहासाठी आणलेली साखर तिच्या तोंडात घालावयास घेतली, तर ही तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून तिने कारण सांगितले, “डॉक्टरसाहेब, तुमच्या कागदात साखर नाही म्हनलं होतं, म्हनून मी घेत नव्हती.”

त्या बाईने बळेच साखर चारली म्हणून ती वाचली.

प्रमेही दोन प्रकारचे, एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. हे चरकाचे वचन मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. कृश प्रमेहीस लंघन देऊ नये, हे शास्त्र माझ्या कपाटात होते आणि खणात छापील कागद. आधुनिक संशोधनही त्याच दिशेने बोट दाखवते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत मातापोषणाचा जो अभ्यास चालवला, त्यातून वजनाने हलके पण तुलनेने मेद अधिक असलेले भारतीय बालक जगापुढे आले. स्नायू कमी, मेद आत दडलेला. अशा देहास प्रमेह होण्यासाठी स्थूल व्हावे लागत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. ते सारे गादीवर बसणारे नाहीत.

मी तिच्या मूळ डॉक्टरांना भेटलो. त्यांनी गोळीची मात्रा निम्मी केली. माझ्या पत्रकाबद्दल ते काही बोलले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. मग तिला विचारले, घरात काय असते? रेशनचे गहू आणि तांदूळ. ज्वारी का नाही? शेतात सोयाबीन आणि कापूस. ज्वारी आता विकत आणावी लागते, आणि रेशनचे धान्य फुकट. ‘ज्वारी खा’ हे पथ्य तिच्यासाठी खर्चाचे होते, याची मला कल्पनाही नव्हती. तेव्हा गहू राहिला. फक्त पीठ चाळावयाचे नाही आणि चार भाग गव्हात एक भाग हरभरा दळावयाचा. भात एक वाटी, त्यावर वरण भाताइतकेच. तूर तिच्या शेतात होती, पण सगळी विकली जाई. वर्षाची डाळ आधी घरात, मग बाजारात, हे तिच्या नवऱ्यास बोलावून पटवले. शिदोरीत जवसाची चटणी आणि मूठभर शेंगदाणे, पावसाळ्यात बांधावरचा तरोटा, पुढे अंबाडी, सकाळी एक अंडे. रात्रीचे जेवण पुन्हा सुरू. व्यायाम काहीही सांगितला नाही. तो तिच्या नशिबी आहेच.

औषधात दोघांनाही हळद-आवळा दिला. वाग्भटाने प्रमेहात याच जोडीस श्रेष्ठ मानले आहे, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद आपल्या समुद्रपूर तालुक्यातलीच. मात्र रुग्ण आधीच गोळ्या घेत असेल तर आपल्या औषधानेही शर्करा आणखी उतरू शकते, तेव्हा पहिले काही आठवडे वारंवार तपासणी करावी.

एक इशारा येथेच देतो. कृश रुग्ण अल्पवयीन असेल, तहान आणि मूत्रप्रवृत्ती अतोनात असेल, वजन आठवड्यांत घटले असेल, तर पथ्याचा विचारही करू नये. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. हा सुश्रुतोक्त सहज प्रमेहाजवळचा प्रकार. इन्सुलिन उपलब्ध होण्यापूर्वी, १९२२ च्या आधी, अमेरिकेत डॉ. ॲलन अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवीत. त्याने त्यांचे मरण थोडे पुढे गेले, टळले नाही. इन्सुलिन सुरू असलेल्या मुलाचे इन्सुलिन आपल्या शब्दावर थांबणार नाही, याची काळजी प्रत्येक वैद्याने घ्यावी.

डाव्या खणात आता कोरे कागद आहेत. रुग्ण कालचा दिवस सांगतो: किती वाजता उठला, काय खाल्ले, किती खाल्ले, कोणती गोळी केव्हा. ते लिहून झाल्यावर खाली मी दोन-तीनच बदल लिहितो. एका रुग्णास वीस मिनिटे लागतात. बाहेर बसलेले कुरकुरतात. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर पहिली ओळ मात्र एकच असते: घाम, थरथर, भोवळ आल्यास तीन लहान चमचे साखर लगेच खावी, आणि मग जेवावे.

व्यापारी गृहस्थ गोरसपाकाच्या एका तुकड्यासाठी दर भेटीत वाद घालतात. ती बाई गेल्या महिन्यात आली होती. वजन ४४, एचबीए१सी ७.३, पायांची जळजळ कमी, गेलेली नाही. उठताना तिने पदराची गाठ सोडून दाखवली. आत कागदाच्या पुडीत साखर होती.